जतनापूर्वीची वैधता तपासणी : ऑब्जेक्ट-रिलेशनल मॉडेलमधील एका गृहीतकाची चिकित्सा

गोषवारा

ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग पद्धतीत डेटाबेसमधील टेबलचे वर्णन प्रोग्रामिंग भाषेतील क्लासच्या रूपाने केले जाते आणि माहितीच्या वैधतेचे नियमही त्याच क्लासमध्ये लिहिले जातात. यातून, मॉडेलमध्ये नियम लिहिला की डेटाबेसमधील नोंद सुरक्षित झाली, असे गृहीतक रूढ झाले आहे. प्रस्तुत लेखात जँगो, रुबी ऑन रेल्स आणि जावा पर्सिस्टन्स या तीन व्यवस्थांच्या आधारे या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. मॉडेलमधील तपासणी हा वापरकर्त्याशी साधलेला संवाद असून डेटाबेसमधील निर्बंध हे नोंदीचे संरक्षण आहे. ही दोन वेगळी कार्ये आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे. देवनागरी मजकुराच्या तपासणीतील अडचणींचाही विचार केला आहे.

बीजशब्द : ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, वैधता तपासणी, निर्बंध, माहितीची सुसंगती, युनिकोड, देवनागरी.

१. प्रस्तावना

तृतीय वर्षाच्या संगणकशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांनी अंतर्गत गुणांची नोंद ठेवणारा छोटा प्रकल्प जँगोमध्ये तयार केला होता. गुण शून्य ते शंभर या मर्यादेत असावेत, असा नियम मॉडेलमध्ये लिहिला होता. पडद्यावरील फॉर्ममध्ये १४० गुण भरून पाहिले, तेव्हा प्रणालीने ते नाकारले. नियम सिद्ध झाला असे सर्वांना वाटले. त्यानंतर संपूर्ण वर्गाचे गुण स्प्रेडशीटमधून एका लहान स्क्रिप्टद्वारे चढवण्यात आले. त्यात चुकून राहिलेला १४० हा आकडा मात्र विनातक्रार जतन झाला. ‘मॅडम, नियम तर लिहिला होता!’ ही विद्यार्थ्याची प्रतिक्रिया स्वाभाविक होती. नियम लिहिला होता हे खरेच होते. परंतु तो कोठे लिहिला होता आणि कोणत्या वाटेने आलेल्या माहितीला तो लागू होता, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

ही चूक प्रात्यक्षिकात घडली, म्हणून ती हसण्यावारी नेता आली. हाच आकडा गुणपत्रिकेवर छापला गेला असता, तर ज्याच्या नावासमोर तो आला त्या विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. म्हणून वैधता तपासणीचा प्रश्न केवळ तांत्रिक सोयीचा ठरत नाही. ज्याची नोंद असते, त्याच्या हिताशी तो जोडलेला असतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एखाद्या फ्रेमवर्कला दोष देण्याचा नाही. विशिष्ट रचनेमागील विचार समजून घेणे आणि त्या रचनेबद्दल आपण बाळगलेले गृहीतक तपासणे, एवढाच तो मर्यादित आहे.

२. संकल्पनेची पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलची मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाच्या शीर्षकातच मोठ्या आणि ‘सामायिक’ माहितीसाठ्यांचा उल्लेख आहे. ‘सामायिक’ हा शब्द येथे कळीचा आहे. माहिती एका प्रोग्रामच्या मालकीची नसते. अनेक प्रोग्राम आणि अनेक माणसे ती वापरतात. म्हणून सुसंगतीचे नियम माहितीच्या शेजारी, म्हणजे डेटाबेसमध्ये असावेत, ही विचारसरणी रिलेशनल परंपरेत रुजली. स्तंभ रिकामा न ठेवण्याचा निर्बंध, अनन्यतेचा निर्बंध, परकीय कळ आणि ‘चेक’ निर्बंध ही त्या विचाराची मूर्त रूपे होत.

ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगची परंपरा दुसऱ्या बाजूने आली. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’ या रचनेचे वर्णन केले. टेबलमधील एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट, आणि त्या ओळीसंबंधीची वागणूकही त्याच ऑब्जेक्टमध्ये, अशी ती कल्पना आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुबी ऑन रेल्सने ही रचना लोकप्रिय केली. नियम जर ऑब्जेक्टच्या वागणुकीचा भाग असेल, तर तो ऑब्जेक्टमध्येच लिहावा, हे ओघाने आले. रेल्सचे जनक डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००५ मध्ये, हुशारी एकाच थरात आणि तीही ॲप्लिकेशनमध्ये असावी, अशी स्पष्ट भूमिका घेतली. ज्या डेटाबेसकडे एकाच ॲप्लिकेशनमधून जाण्याची वाट आहे, तेथे या भूमिकेला निश्चितच आधार आहे. पण अशी एकच वाट किती काळ टिकते, हा पुढचा प्रश्न आहे.

३. तीन व्यवस्था, तीन भूमिका

जतन करण्यापूर्वी तपासणी कोणी करायची, याबाबत तिन्ही व्यवस्थांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

जँगोमध्ये २०१० च्या १.२ आवृत्तीपासून मॉडेलच्या पातळीवर तपासणीची सोय आहे. ‘फुल क्लीन’ ही पद्धत प्रथम प्रत्येक क्षेत्र तपासते, नंतर संपूर्ण ऑब्जेक्ट तपासते आणि त्यानंतर अनन्यता पाहते. २०२२ च्या ४.१ आवृत्तीपासून ती मॉडेलमध्ये घोषित केलेले निर्बंधही तपासते. मात्र ‘सेव्ह’ ही पद्धत ‘फुल क्लीन’ला आपणहून बोलावत नाही. मॉडेलवर आधारलेला फॉर्म ते काम करतो. म्हणून फॉर्ममधून आलेले १४० गुण अडले आणि स्क्रिप्टमधून आलेले पार झाले. या निर्णयाच्या बाजूने सांगता येण्यासारखे बरेच आहे. फॉर्ममध्ये तपासलेली माहिती जतन करताना पुन्हा तपासली जाऊ नये, अनन्यतेसाठी डेटाबेसला दोनदा प्रश्न विचारावा लागू नये, जुने प्रोग्राम अचानक मोडू नयेत, ही कारणे रास्त आहेत. अधिकृत दस्तऐवजातही ही गोष्ट लपवलेली नाही. तरीही ‘मॉडेलची तपासणी’ हे नाव वाचणाऱ्यास मॉडेल स्वतःच पहारा देत आहे असे वाटते. प्रत्यक्षात पहारेकरी फॉर्मच्या दारात उभा असतो.

यावर अनेक जण ‘सेव्ह’ पद्धत बदलून तिच्यातून ‘फुल क्लीन’ बोलावतात. हा उपाय अर्धाच आहे. अनेक नोंदी एकदम घालणारी ‘बल्क क्रिएट’ आणि अनेक ओळी एकदम बदलणारी ‘अपडेट’ या पद्धती ‘सेव्ह’च्या वाटेने जातच नाहीत. फिक्स्चरमधून माहिती भरतानाही आपण बदललेली ‘सेव्ह’ वापरली जात नाही. शिवाय फॉर्मची तपासणीही संपूर्ण नसते. जे क्षेत्र फॉर्ममध्ये नाही, त्याच्याशी निगडित अनन्यतेचा नियम फॉर्म सोडून देतो. विद्यार्थी व विषय यांची जोडी अनन्य असावी, असा नियम आहे आणि विद्यार्थ्याची ओळख फॉर्ममधून न घेता लॉगिनवरून घेतली आहे, असे समजा. अशा वेळी फॉर्म ‘वैध’ असा निर्वाळा देतो आणि जतन करताना डेटाबेस नोंद नाकारतो. नोंद वाचते, परंतु वापरकर्त्याला समजेल असा संदेश मिळत नाही.

रेल्सची भूमिका अधिक कडक आहे. तेथे ‘सेव्ह’ आधी तपासणी करते आणि नियम मोडला तर जतन नाकारते. पण ‘अपडेट कॉलम’, ‘अपडेट ऑल’ आणि २०१९ च्या ६.० आवृत्तीत आलेली ‘इन्सर्ट ऑल’ या पद्धती तपासणी वगळतात. तपासणी न करता जतन करण्याची उघड सोयही तेथे आहे. जावाच्या जगात २००९ च्या बीन व्हॅलिडेशन मानकानुसार नोंद घालण्यापूर्वी व बदलण्यापूर्वी तपासणी आपोआप होऊ शकते. टेबलची रचना तयार करताना हायबरनेट यांपैकी काही नियम स्तंभांच्या व्याख्येतही उतरवते. एक नियम दोन्ही ठिकाणी नेण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे. तरी क्वेरीद्वारे केलेले सामूहिक बदल येथेही तपासणीच्या बाहेरच राहतात.

तिन्ही व्यवस्था तपशिलात भिन्न आहेत, पण निष्कर्ष एकच निघतो. मॉडेलमधील तपासणी ही विशिष्ट वाटेवरची तपासणी असते. प्रकल्प वाढत जातो तशा वाटाही वाढत जातात. आयात-निर्यातीची स्क्रिप्ट, रात्री चालणारी प्रक्रिया, दुसऱ्या विभागाने लिहिलेला अहवालाचा प्रोग्राम आणि अडचणीच्या वेळी थेट डेटाबेसमध्ये क्वेरी लिहिणारा प्रशासक, या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या असतात.

४. डेटाबेसवरील अविश्वासाचा इतिहास

मग डेटाबेसमधील निर्बंध वापरण्याची सवय एका पिढीला का लागली नाही? याचे उत्तर केवळ आळस हे नाही. या सवयीला ऐतिहासिक कारण आहे. २००० च्या दशकात आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत वेब प्रोग्रामिंगची ओळख पीएचपी आणि मायएसक्यूएल या जोडीतून झाली. त्या काळी मायएसक्यूएलचे मूळ साठवण इंजिन मायआयसॅम हे होते आणि ते परकीय कळीचे पालन करत नसे. इनोडीबी हे इंजिन २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून मूळ पसंती झाले. ठरलेल्या लांबीपेक्षा मोठा मजकूर नाकारण्याऐवजी तो कापून साठवला जाई आणि केवळ सूचना दिली जाई. कडक पद्धत मूळ मांडणीत आली ती २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून. ‘चेक’ निर्बंध तर वाचला जाई आणि सोडून दिला जाई. तो खऱ्या अर्थाने लागू झाला २०१९ च्या ८.०.१६ आवृत्तीत.

ज्या डेटाबेसमध्ये निर्बंध लिहूनही तो पाळला जात नाही, त्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून नियम ॲप्लिकेशनमध्ये लिहिणे हा त्या काळातील व्यवहारी निर्णय होता. ते कारण आता उरलेले नाही. सवय मात्र उरली आहे आणि ती आता तत्त्व म्हणून शिकवली जाते.

या सवयीला आणखी एका गोष्टीने बळ मिळते. जँगोच्या नव्या प्रकल्पात मुळात एसक्यूलाइट हा डेटाबेस असतो आणि तो मजकुराच्या स्तंभाची घोषित लांबी लागू करत नाही. शंभर चिन्हांची मर्यादा असलेल्या स्तंभात स्क्रिप्टमधून तीनशे चिन्हांचे नाव विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर सहज जतन होते. तोच प्रोग्राम पोस्टग्रेसवर नेल्यास चूक उघड होते. म्हणजे ज्या डेटाबेसवर आपण शिकवतो, तोच निर्बंधांविषयी चुकीची समजूत देऊ शकतो.

५. तपासणी आणि जतन यांमधील अंतर

येथवर वाटांचा विचार झाला. आता एकच वाट आहे असे मानू. तरीही अडचण उरते, कारण तपासणी आणि जतन या दोन क्रियांमध्ये काळाचे अंतर असते. अनन्यतेची तपासणी करताना मॉडेल प्रथम डेटाबेसला विचारते की असा क्रमांक आधीपासून आहे काय. उत्तर ‘नाही’ आले तर नोंद घालते. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही ‘नाही’ हेच उत्तर मिळते आणि दोन्ही नोंदी जतन होतात. दोन्ही तपासण्या प्रामाणिक असतात, पण निकाल चुकीचा येतो. रेल्सचे दस्तऐवजही अशा ठिकाणी डेटाबेसमध्ये अनन्य इंडेक्स ठेवण्याचा सल्ला देतात.

पीटर बेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ च्या सिगमॉड परिषदेत या विषयावरील अभ्यास मांडला. त्यांनी रेल्सवर आधारलेल्या ६७ मुक्त-स्रोत ॲप्लिकेशनांची पाहणी केली. त्यांत ॲप्लिकेशनच्या पातळीवरील नियमांचा वापर ट्रान्झॅक्शनच्या तुलनेत ३७ पटींहून अधिक आढळला. त्यांपैकी वापराच्या प्रमाणात ८६.९ टक्क्यांपर्यंत नियम एकाच वेळी चालणाऱ्या कामातही सुसंगती राखतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. मॉडेलमधील बहुतेक नियम निरुपयोगी नाहीत, हे त्यातून दिसते. उरलेल्या नियमांत मात्र अनन्यता आणि नोंदींमधील परस्परसंबंध यांसारखे नियम येतात, आणि माहितीसाठ्याची विश्वासार्हता नेमकी त्यांवरच अवलंबून असते.

काही नियम तर एका ओळीत मावतच नाहीत. एका तुकडीत ६० जागा आहेत आणि ५९ भरल्या आहेत, असे समजू. दोन अर्ज एकाच वेळी आले आणि दोघांच्या तपासणीने ५९ हा आकडा पाहिला, तर ६१ प्रवेश होतात. त्यांपैकी एका विद्यार्थ्याला नंतर ‘तुमचा प्रवेश रद्द’ असे कळवावे लागते. येथे मॉडेलमधील तपासणी अपुरी पडते आणि साधा ‘चेक’ निर्बंधही अपुरा पडतो. तुकडीच्या ओळीवर लॉक घेऊन मोजणी व नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करणे, किंवा डेटाबेसची अनुक्रमक्षम अलगता वापरणे, हाच मार्ग उरतो. एसक्यूलाइटवर जँगोची ओळीचे लॉक घेण्याची सूचना परिणामशून्य असते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

६. देवनागरी मजकुराची कसोटी

आतापर्यंतच्या विवेचनावरून सर्व नियम डेटाबेसमध्ये हलवावेत असा अर्थ निघू शकेल. तो बरोबर नाही, हे मराठी मजकुराच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

नावात केवळ अक्षरे असावीत, हा नियम विद्यार्थी पायथनमधील ‘इज अल्फा’ या पद्धतीने लिहितात. त्या पद्धतीनुसार ‘कमल’ हे नाव वैध ठरते आणि ‘विमल’ अवैध ठरते. कारण युनिकोडमध्ये व्यंजने ही अक्षरे मानली जातात, पण वेलांटी व काना यांसारख्या स्वरचिन्हांची गणना वेगळ्या वर्गात होते. रोमन लिपीसाठी निर्दोष असलेला नियम येथे अर्ध्याअधिक वर्गाला नावासकट बाहेर ठेवतो. लांबीच्या नियमाचेही तसेच आहे. ‘क्षीरसागर’ या आडनावात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. संगणक नऊ संकेतचिन्हे मोजतो आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांचे सत्तावीस बाइट होतात. मर्यादा ठरवताना आपण नेमके काय मोजतो आहोत, हे माहीत असणे आवश्यक आहे.

सर्वांत सूक्ष्म अडचण अनन्यतेची आहे. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे साठवता येते. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह व त्यानंतर हलन्त येतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरणही त्यांना एकरूप करत नाही. परिणामी अनन्यतेची तपासणी मॉडेलमध्ये असो वा डेटाबेसमध्ये, एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होऊ शकतात आणि शोधताना एक रूप टंकले तर दुसऱ्या रूपातील नोंद सापडत नाही. यावर उपाय तपासणीचा नाही, तपासणीपूर्वीच्या शुद्धीकरणाचा आहे. दोन्ही रूपे एका ठरावीक रूपात आणणे हे काम भाषेची जाण असलेल्या ॲप्लिकेशनच्या थरातच सहज होते. मात्र ते ‘क्लीन’ पद्धतीत ठेवल्यास स्क्रिप्टची वाट पुन्हा मोकळी राहते. जँगोमध्ये क्षेत्राचे मूल्य डेटाबेससाठी तयार करणाऱ्या पायरीवर ते ठेवले, तर जतन, सामूहिक जतन व शोध या सर्व वाटांना ते लागू होते.

७. नियमांची वाटणी

वरील चर्चेवरून नियमांची वाटणी पुढीलप्रमाणे सुचवता येईल.

पहिला गट कायमच्या नियमांचा होय. ज्या नियमाचे एकही उल्लंघन खपणारे नाही आणि जो वर्षानुवर्षे बदलत नाही, तो डेटाबेसमध्ये असावा. गुणांची मर्यादा, परीक्षा क्रमांकाची अनन्यता, अस्तित्वात नसलेल्या विषयाचे गुण न नोंदणे हे नियम या गटातले होत. येथे एक सावधगिरी हवी. गुण शून्य ते शंभर असावेत, हा ‘चेक’ निर्बंध रिकाम्या मूल्याला अडवत नाही, कारण रिकाम्या मूल्याशी केलेल्या तुलनेचा निकाल ‘अज्ञात’ असतो आणि ‘चेक’ निर्बंध ‘असत्य’ निकालच नाकारतो. रिकामेपणासाठी वेगळा निर्बंध लिहावा लागतो.

दुसरा गट संवादाच्या नियमांचा होय. प्रवेशासाठीची किमान टक्केवारी, अर्जाची मुदत यांसारखे दरवर्षी बदलणारे नियम मॉडेलमध्ये किंवा फॉर्ममध्ये शोभतात. पहिल्या गटातील नियमही संवादासाठी येथे पुन्हा यावेत. डेटाबेसने दिलेला नकार निर्बंधाच्या नावासह इंग्रजीत येतो आणि तो अर्जदाराच्या कामाचा नसतो. जँगोच्या २०१९ च्या २.२ आवृत्तीपासून मॉडेलमध्येच ‘चेक’ व अनन्यतेचे निर्बंध घोषित करता येतात. ४.१ पासून त्याच निर्बंधाची फॉर्मच्या पातळीवर तपासणी होते आणि त्यासोबत मराठी संदेशही जोडता येतो. एकच नियम एकदाच लिहून दोन ठिकाणी लागू करण्याची ही सोय स्वागतार्ह आहे.

तिसरा गट अनेक ओळींवर अवलंबून असलेल्या नियमांचा होय. त्यांसाठी ट्रान्झॅक्शन व लॉक यांना पर्याय नाही.

जुन्या माहितीचा आक्षेप येथे अपेक्षित आहे. वर्षानुवर्षांच्या टेबलवर नवा निर्बंध लावू गेल्यास जुन्या सदोष ओळी आडव्या येतात. पोस्टग्रेसमध्ये जुन्या ओळी न तपासता निर्बंध घालता येतो. तो नव्या नोंदींना लगेच लागू होतो आणि जुन्या ओळींची दुरुस्ती झाल्यावर त्याची पूर्तता करता येते. निर्बंध घालताना जुन्या चुका उघड होतात, ही अडचण असली तरी तोटा नाही.

८. समारोप

मॉडेलमधील तपासणी माणसाशी बोलते आणि डेटाबेसमधील निर्बंध नोंद सांभाळतो. पहिल्याशिवाय प्रणाली वापरणाऱ्याला नकाराचे कारण कळत नाही. दुसऱ्याशिवाय नकाराची हमीच नसते. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगने पहिले काम सुलभ केले, हे त्याचे मोठे योगदान आहे. दुसरे कामही आपोआप झाले, असे मानणे ही वापरणाऱ्यांची व शिकवणाऱ्यांची चूक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. डेटाबेसचा विषय आणि वेब प्रोग्रामिंगचा विषय बहुधा वेगवेगळ्या सत्रांत शिकवले जातात. निर्बंध एका वहीत राहतात आणि मॉडेल दुसऱ्या वहीत. त्या दोन वह्या जोडण्यासाठी प्रकल्पाच्या मूल्यमापनात एक प्रश्न वाढवावा. विद्यार्थ्याने आपला प्रोग्राम बाजूला ठेवून, थेट क्वेरीने, १४० गुणांची नोंद डेटाबेसमध्ये घालून दाखवावी. ती नोंद डेटाबेसने नाकारली, तरच नियम लिहिला असे मानावे आणि त्याचे गुण द्यावेत.